पुरुषभर खड्डा

डबीचा दिवा लाल होऊन अकरा दिवस झाले होते आणि माणिकबाईच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

डबी म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. चांदूर बाजारच्या अलीकडे, रस्त्याला लागून, माणिकबाईच्या नवऱ्याचा, उत्तमरावांचा, भाजीचा मळा आहे. पालक, मेथी आणि सांबार. सांबार म्हणजे पुण्याच्या लोकांची कोथिंबीर. गेल्या काही वर्षांत ऊन असं काही चढलं की पहाटे कापलेला सांबार अमरावतीच्या बाजारात पोचेपर्यंत मान टाकायचा. गिऱ्हाईक नाक मुरडायचं आणि अर्धा माल तिथल्याच गाईंपुढे पडायचा. दोन वर्षांपूर्वी गावात हवामानाची योजना आली. मळ्यात जमिनीखाली गॅसची मोठी टाकी बांधून मिळाली आणि पत्र्याची एक थंड खोली मिळाली. दिवसा ती खोली छपरावरच्या सोलरवर चालायची आणि ऊन उतरलं की टाकीतल्या गॅसवर. टाकीला खायला काय, तर शेण आणि सडकी भाजी. या सगळ्याच्या बदल्यात, आभाळात न गेलेला धूर कुठंतरी मोजला जायचा आणि परदेशातला कुणी कारखानदार तो विकत घ्यायचा म्हणे.

"आपल्या शेणाले तिकडं भाव हाय, आन् वांग्याले इथं नाई," असं म्हणून उत्तमराव स्वतःच खो खो हसायचे.

मोजणारी ती डबी. टाकीच्या तोंडाशी बसवलेली, दोन मुठींएवढी. गॅस तयार होत असला की हिरवा दिवा, नसला की लाल. लाल झालेलं योजनेच्या अमरावतीच्या ऑफिसात आपोआप कळायचं. पंधरा दिवस लाल राहिला की टाकी बंद पडली असं धरायचं आणि थंड खोलीचं मशीन काढून न्यायचं, असं कागदावर लिहिलं होतं. त्याखाली उत्तमरावांनी ऐटीत सही केली होती. मशीन गेल्यावर या वैशाखात मळ्याचं काय होणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

दिवा लाल का झाला, तेही घरात सगळ्यांना ठाऊक होतं. टाकीतलं शेणपाणी कुजून बाहेर पडतं तो खड्डा तुंबला होता. सिमेंटचा, पुरुषभर खोल, वर फरशीचं झाकण. आत काड्यांचा आणि कांद्याच्या पातीचा जाड थर धरला होता. तो फोडला की झालं, एवढंच काम.

पण त्या खड्ड्यात उतरायचं नाही, असं आचल बजावून गेली होती. आचल ही अमरावतीच्या ऑफिसातली मुलगी, स्कूटीवर यायची, उन्हानं लालबुंद व्हायची आणि घरच्या सुनेच्या, साधनाच्या हातचं ताक दोन पेले प्यायची. "काका, काही झालं तरी आत उतरायचं नाही. फोन करा, सफाईची गाडी येईल." उत्तमरावांच्या मुलानं, कुंदननं, चार वेळा फोन केला. गाडी एकच होती आणि टाक्या पाच तालुक्यांत. तुमचा नंबर चौऱ्याहत्तरावा आहे, असं पलीकडून सांगितलं गेलं.

"चौऱ्याहत्तर!" उत्तमराव भडकले. "तवर काय मी सांबाराची तेरवी करू? साठ साठ हात विहिरीत उतरलो मी. हा पुरुषभर खड्डा मले खाते काय?"

ते खोटं नव्हतं. उत्तमराव माळी खरे, पण उन्हाळ्यात पंचक्रोशीतल्या विहिरींचा गाळ काढायला त्यांनाच बोलवायचे. आणि ते जिथं जातील तिथं माणिकबाई बरोबर. चाळीस वर्षांचा शिरस्ता होता. आधी कंदील पेटवून दोरानं विहिरीत सोडायचा. माणिकबाईनं काठावर बसून पाच इसा मोजायच्या, म्हणजे पाच वेळा वीस. कंदील विझला तर आत विषारी हवा आहे, उतरायचं नाही. जळत राहिला तर उत्तमराव खांद्यावरचा दुपट्टा, म्हणजे उपरणं, कमरेला कसून बांधायचे, त्यावरून दोर, आणि उतरायचे. माणिकबाई काठावर नसेल तर ते विहिरीत पाय घालत नसत.

कंदिलाशिवाय उतरलं की काय होतं, ते तिनं एकदा डोळ्यांनी पाहिलं होतं. शेजारच्या गावात, देवरावच्या विहिरीत. दोन सख्खे भाऊ. पहिला खाली जाऊन पडला, दुसरा त्याला काढायला उतरला. दोघंही वर आले ते खाटेवर. तेव्हापासून त्या कंदिलाची काच ती स्वतः राखेनं घासायची, सुनेलासुद्धा हात लावू द्यायची नाही. चाळीस वर्षांत कंदील तिच्याशी एकदाही खोटं बोलला नव्हता.

बाराव्या दिवशी सकाळी उत्तमरावांनी पहार उचलली.

माणिकबाईला भीती वाटत होती. त्या खड्ड्याची, त्या लाल दिव्याची आणि नवऱ्याच्या हट्टाची. हट्ट मोडणं तिच्या हातात नव्हतं. मग तिनं तेच केलं जे तिला येत होतं. कोनाड्यातून कंदील काढला आणि पेटवला.

"आई, गॅसच्या टाकीजवळ इस्तो कावून आणून राहिल्या?" साधनानं विचारलं. सून हुशार होती, आचलचं सगळं बोलणं तिनं कान देऊन ऐकलेलं होतं.

"गॅसच असता तं डबी लाल कावून असती?" उत्तमरावांनी तिला गप्प केलं. "आन् आपन टाकीत नाई, बाहेरच्या खड्ड्यात उतरून राहिलो."

"दोर बांधा," माणिकबाई म्हणाली.

"पुरुषभर खड्ड्याले दोर? गावात हासू करतं काय माह्यं?"

दोरासाठी ती अडून बसली नाही, हे तिला पुढे जन्मभर आठवणार होतं. कंदील आहे ना, मग ठीक, असं तिनं मनाशी म्हटलं.

कुंदननं झाकण सरकवलं. सडक्या अंड्यांसारखा वास असा आला की साधना पदर तोंडावर धरून मागे सरली. "थांबा," उत्तमराव म्हणाले, "हवा लागू द्या." सगळे तिथंच काठाशी उकिडवे बसले. बऱ्याच वेळानं त्यांनी नाक ओढून वास घेतला. "पाह्य, गेला वास. आता साफ झालं."

माणिकबाईनंही वास घेऊन पाहिला. खरंच काही येत नव्हतं. त्या वासाची एक खोड असते, तो जोरात असला की आधी नाकच मारून टाकतो, हे त्या घरात कुणालाच माहीत नव्हतं.

तिनं कंदील सोडला. थराच्या वर वीतभर अंतरावर धरला आणि मोजायला लागली. एक ईस, दोन ईस. ज्योत हलली नाही. तीन ईस, चार ईस. पाचवी ईस तिनं मुद्दाम सावकाश मोजली. ज्योत पिवळीधम्मक, सरळ. दोर तिनं काठावरच्या खुंटीला अडकवला आणि कंदील तसाच आत टांगता ठेवला.

उत्तमरावांनी कमरेला दुपट्टा कसला. दोर नसला तरी दुपट्टा, अंगवळणी पडलेलं. लाकडी शिडीनं ते उतरले, मांडीपर्यंत त्या घाणीत उभे राहिले आणि पहार मारली. एक. दोन. तिसऱ्या घावाला थर तडकला आणि खालून बुडबुडे आले, वरण उकळताना येतात तसे. उत्तमरावांनी मान वर केली.

"वो माणिक..."

एवढंच. पाय दुमडले आणि ते भिंतीला टेकून खाली बसले. ना ओरडणं, ना हात झाडणं. डोकं एका बाजूला कललं, हनुवटी त्या काळ्या पाण्यापासून चार बोटांवर. शेजारी कंदील जळत होता.

"बाबा!" कुंदन शिडीकडे धावला. त्याचा एक पाय खाली गेलासुद्धा.

त्या क्षणी माणिकबाईला काय दिसलं? खाट दिसली. देवरावच्या विहिरीवरची. दुसऱ्या भावाची. तिनं पाठीमागून पोराच्या कमरेला मिठी घातली आणि सगळं अंग मागे टाकलं. दोघंही मातीत पडले.

"सोड! आई, सोड मले! बाबा मरून राहिले!"

"नाई सोडत."

"कंदील जळून राहिला ना! काही नाई आत, चक्कर आली त्याहिले! सोड!"

त्याचं कोपर तिच्या तोंडावर बसलं, ओठ फुटला, रक्त आलं. तिनं सोडलं नाही. तीस वर्षांचा दांडगा गडी तो, आणि ती साठीची बाई. कुठून आलं बळ, देव जाणे. नवरा आत आहे हे तिला कळत होतं. एक एक श्वास जातोय हे कळत होतं. आणि आपण त्याला वाचवायला निघालेल्या पोराला धरून बसलोय, हेही कळत होतं. तिला आयुष्यात एवढी भीती कधी वाटली नव्हती.

"गळ!" ती किंचाळली. "साधना, विहिरीवरचा गळ आण!"

विहिरीत पडलेली बादली काढायचा चार आकड्यांचा लोखंडी गळ प्रत्येक मळ्यात असतो. साधना गेली आणि आली. कुंदनला तेव्हा कुठं उमगलं. तो काठावर पालथा पडला. "श्वास धर, तोंड बाजूले ठेव," माणिकबाई त्याच्या पायांवर बसून ओरडत होती, कारण आत्ताही तिचा त्याच्यावर भरवसा नव्हता. पहिल्यांदा गळ घसरला. दुसऱ्यांदा बंडी फाटली. तिसऱ्यांदा आकडा कमरेच्या दुपट्ट्यात रुतला. तिघांनी मिळून ओढलं. उत्तमराव वर आले, काळेनिळे, चिखलानं माखलेले. श्वास होता. नव्हताच म्हणा, पण होता.

शेजारच्या मळ्यातले महादेवराव आरडाओरडा ऐकून गाडी घेऊन आले. उत्तमरावांना मागच्या सीटवर घालताना माणिकबाईनं एकदा वळून पाहिलं. खड्ड्यात कंदील जळत होता, काही झालंच नाही असा. आणि टाकीच्या तोंडाशी डबीचा दिवा हिरवा झाला होता. थर फुटला होता ना.

अमरावतीच्या सरकारी दवाखान्यात दोन दिवस उत्तमरावांच्या नाकातोंडाला नळ्या होत्या. कुंदन बाहेरच्या बाकावर बसून असायचा आणि आईच्या सुजलेल्या ओठाकडे पाहत नसायचा. दुसऱ्या दिवशी आचल आली. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"मावशी, तो गॅस वेगळा असतो. थर फुटला की एकदम सुटतो. कंदिलाला तो कळतच नाही. दिवा जळत राहतो, माणूस पडतो." मग कुंदनकडे पाहून ती हळूच म्हणाली, "तुम्ही उतरला असता तर दोघं गेला असता."

रात्री कुंदननं आईसाठी चहा आणला आणि कप तिच्या हातात देईपर्यंत उभा राहिला.

जाता जाता आचलनं आणखी एक सांगितलं, तेही रडवेली होऊन. काल सकाळी ऑफिसच्या पडद्यावर तुमची टाकी हिरवी दिसली, म्हणून गाडीच्या यादीतून तुमचं नाव आपोआप निघालं. तिथं हिरवी दिसली की सगळं बरं आहे, असंच धरतात.

तिसऱ्या दिवशी दुपारी उत्तमरावांची नळी निघाली. महादेवराव भेटायला आले होते, शहाळं घेऊन. खाटेशी ते होते, कुंदन होता आणि माणिकबाई. उत्तमरावांनी कोरड्या ओठांवरून जीभ फिरवली. पहिलं काय बोलावं माणसानं?

"माणिक. कंदील इझला होता ना?"

माणिकबाई शहाळ्याचं पाणी पेल्यात ओतत होती, ती थांबली.

"इझलाच असंल," महादेवराव म्हणाले. "गावात सगळे तेच म्हनून राहिले. कंदील इझला आन् माणिकबाईची नजर चुकली. होते असं, वयाच्या मानानं. तुमी मनाले लावून घेऊ नोका."

नजर चुकली! चाळीस वर्षांत न चुकलेली नजर. एरवी अशा बोलण्याला तिनं चांगलं सुनावलं असतं. पण तिनं नवऱ्याच्या डोळ्यांत पाहिलं. तो माणूस विनवत होता. हाव म्हण, नुसतं हो म्हण, असं ते डोळे म्हणत होते. कंदिलानं दगा दिला असं ऐकायची त्याची तयारी नव्हती. बायको चुकली असती तर त्याला चाललं असतं, बायकोला माफ करता आलं असतं. आणि माणिकबाईलाही ते चाललं असतं. एवढ्या वर्षांत तिनं कितीतरी गोष्टी आपल्या अंगावर घेतल्या होत्या, ही आणखी एक. म्हातारा बरा होऊन उठला तर गावानं काय हवं ते म्हणावं. हाव, इझला होता, म्या पाह्यला नाई, हे शब्द तिच्या ओठांवर आलेसुद्धा.

"म्हनून तं ललितले बजावून आलो," महादेवराव सहज पुढं बोलत होते. ललित त्यांचा मुलगा. "आपली डबी बी लाल हाय आज नऊ दिवस. म्हटलं, गाडीची वाट पाहू नोको, उतर, पण आधी कंदील सोडजो. आन् काठावर दुसऱ्या कोनाले बसवू नोको, सोताच्या डोळ्यानं पाह्यजो. आता उतरतच असंल."

माणिकबाईच्या हातातला पेला खाली पडला.

"नाई इझला," ती म्हणाली.

"काय?"

"कंदील नाई इझला! म्या पाच इसा मोजल्या, जळत होता. हे पडले तवा जळत होता. वर काढलं तवाही जळत होता. माही नजर नाई चुकली, महादेवभाऊ. फोन लावा. लावा फोन, बसून कावून राहिले!"

महादेवरावांचा चेहरा उतरला. त्यांनी फोन लावला. लागला नाही. परत लावला. वाजत राहिला, वाजत राहिला. वॉर्डातले लोक माना वळवून पाहू लागले. कुंदननं त्यांच्या हातातून फोन घेऊन स्पीकर चालू केला, तेवढ्यात पलीकडून आवाज आला.

"हां बाबा, बोला."

"ललित, कुठी हायस?"

"खड्ड्यावर. तुमी काळजी नोका करू. कंदील सोडला, चांगलं शंभर मोजलं. मस्त जळून राहिला."

माणिकबाईनं फोन ओढून घेतला. "ललित, मी माणिककाकू. पाय कुठी हाय तुहा?"

"शिडीवर. कावून?"

"वर घे."

"पन काकू, कंदील तं..."

"चुलीत जाऊ दे कंदील! पाय वर घे. घेतला काय? आता मांगं सरक. आनखी. घरात जाय आन् फोन आईजवळ दे. तुह्या आईचा आवाज ऐकल्याबिगर मी फोन ठेवत नाई."

फोनमधून काही क्षण नुसता वारा आला. मग चपलांचा आवाज, दाराची कडी, कुठंतरी कोंबडी फडफडली. माणिकबाई श्वास धरून उभी होती. शेवटी एका बाईचा आवाज आला, वैतागलेला, जिवंत. "हॅलो? काय झालं वो? हा असा पांढराफटक कावून झाला?"

माणिकबाईनं फोन महादेवरावांच्या हातात दिला. ते फोन कानाला लावून वॉर्डाच्या बाहेर गेले आणि जाताना दोनदा दाराला धडकले. कुंदन आईजवळ आला. तिनं पाडलेला पेला त्यानं उचलला आणि तिला स्टुलावर बसवलं.

उत्तमराव वर छताकडे पाहत होते. तिनं त्यांचा चादरीवरचा हात दोन्ही हातांत धरला.

"माणिक," ते म्हणाले, "मंग एवढी वर्सं मी कशाच्या भरोशावर उतरत होतो वो?"

चाळीस वर्षांत तो ज्या ज्या विहिरीत उतरला त्या सगळ्या एकामागून एक तिच्या डोळ्यांपुढे आल्या, प्रत्येकीच्या काठावर ती बसलेली, निवांत, मोजत. तेव्हा तिला कधी भीती वाटली नव्हती. ती सगळी भीती आता, दवाखान्यातल्या त्या स्टुलावर बसून, तिला एकदम वाटली. तिनं नवऱ्याचा हात आणखी घट्ट धरला आणि कुंदनला म्हणाली, "पंख्याचं बटन बंद कर बाप्पा, मले थंडी वाजून राहिली."